तीन भेटी, शून्य मुलं

१

पाच मार्चला सकाळी दहाच्या सुमाराला उंबरओहोळ पाड्यावरची अडतीस मुलं तिसऱ्यांदा नाहीशी झाली.

अर्थात, नाहीशी झाली असं कुणी लिहिलं नाही. सरकारी कागदावर मुलं नाहीशी होत नसतात; ती मुळात नसतातच. ठाण्याहून आलेल्या दातारसाहेबांनी शेरा मारला तो असा : 'तिसरी अचानक भेट. बालवाडीत शिक्षिका एकटी. मुले शून्य. एक म्हातारी व एक कुत्रे याखेरीज पाड्यावर हालचाल नाही. हजेरीपत्रकात मात्र आदल्या दिवशी अडतीस मुले हजर. हजेरी बनावट दिसते. एकतीस मार्चपूर्वी किमान तीस मुले समक्ष न आढळल्यास ग्रँट बंद करावी व शिक्षिकेवर कारवाई करावी.'

साल होतं १९६४. डहाणूच्या ब्लॉक ऑफिसातला ज्युनिअर क्लार्क सदानंद पागधरे हा शेरा चौथ्यांदा वाचत होता, आणि चौथ्यांदा त्याच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. या ग्रँटसाठी त्याने दोन वर्षं टाचा घासल्या होत्या. तो स्वतः झाईच्या मांगेल्यांतला. बाप होडीवर, आई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला, आणि हा तिच्या पायात. पहिली पाटी हातात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा घोडा झाला होता आणि शेजारी सहा-सहा वर्षांची पोरं बसून त्याला हसत होती. ते हसू त्याच्या अजून कानात होतं. म्हणून तलासरीकडच्या डोंगरातल्या एका वारली पाड्यावर तरी पोरांना वेळेवर पाटी मिळावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ठराव त्याने लिहिला, अर्ज त्याने लिहिला, पालकांना वाटायच्या छापील पत्रकाचा मजकूरसुद्धा त्यानेच लिहिला. बालवाडी उघडली, दुधाच्या पावडरीचं पिंप आलं, आणि आता साहेब म्हणत होते की तिथे पोरंच नाहीत.

"फार मनाला लावून घेऊ नकोस रे," हेडक्लार्क चुरीअण्णा पानाला चुना लावत म्हणाले. "बाई खोटी हजेरी मांडते. सगळीकडे मांडतात. जा, तिचा जबाब घेऊन ये. चूक कबूल केली तर नुसती नोकरी जाईल म्हणावं, पोलीस होणार नाहीत."

चुरीअण्णा म्हणजे ऑफिसचा खांब. टपाल तेच फोडणार, शिक्का त्यांच्याच खणात, कपाटाची किल्ली त्यांच्याच करगोट्याला. माणूस मात्र दिलदार. वरच्या साहेबाचा दौरा आटोपला की ताप उतरल्यासारखा 'दौरा उतरला' म्हणायचे आणि अख्ख्या ऑफिसला घरी जेवायला बोलवायचे. त्यामुळे त्यांच्या शब्दाबाहेर जायची कुणाची टाप नव्हती.

"अण्णा, या भेटी अचानक असतात ना?"

"अचानक म्हणजे अगदी अचानक! दातार माणूसच तसा. ठाण्याहून डबा घेऊन निघतो. दशम्या आणि दही. डाक बंगल्यातला चहाचा कप तोंडाला लावत नाही, त्याला कोण फितवणार?"

सदानंदने फाईल बगलेत मारली. शेरा ठाण्याहून फिरून इथे यायलाच तेवीस तारीख उजाडली होती; एकतीसला आठ दिवस उरले होते.

२

एस.टी.ने तलासरी आणि पुढे पायी अडीच मैल. सदानंद घामाघूम होऊन पाड्यावर पोचला आणि कुडाच्या झोपडीच्या दारातच थबकला. आतून गाणं ऐकू येत होतं.

त्याने पोरं मोजली. एकदा मोजली, मग बोटं लावून परत मोजली. सदतीस भरली. कुणी चिंचोके मांडत होतं, कुणी पाटीवर रेघोट्या मारत होतं. चार-पाच कोंबड्या बिनदिक्कत आत-बाहेर करत होत्या. एक तर सरळ हजेरीपत्रकावर बसली होती.

"हाड् हाड्! यांची हजेरी पोरांपेक्षा चांगली आहे," शिक्षिका म्हणाली आणि मग पाहुण्याच्या बगलेतली फाईल बघून तिचा चेहरा उतरला. "जबाब घ्यायला आलात ना?"

तिचं नाव कमळी. कैनाडच्या शेतकऱ्याची मुलगी, सातवी पास, तलासरीला मावशीकडे राहून रोज सकाळी पाड्यावर चालत येणारी. तिने सदानंदला बसायला खोका दिला आणि स्वतः उभीच राहिली.

"लिहा. मी खोटी. तिन्ही वेळेला मी सकाळी आले तर पाडा मोकळा. नोव्हेंबरात एकदा, जानेवारीत एकदा आणि आता ही. एरवी कधीच असं होत नाही, भाऊ. पावसात येतात, तापात येतात. नेमका त्याच दिवशी साहेब आणि त्याच दिवशी पोरं नाहीत. मी एकटी त्या चटयांसमोर बसलेली. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं…" तिने तोंड फिरवलं. "चोरी करताना धरल्यासारखं."

"पोरं कुठे जातात, विचारलंस?"

"विचारून थकले. आया म्हणतात जंगलात गेली. पोरं तर तोंडच उघडत नाहीत. मी पगाराची बाय ना. त्यांच्या लेखी मीसुद्धा तुमच्यातलीच."

पुढच्याच चटईवर पाचेक वर्षांची एक मुलगी सदानंदकडे टक लावून बघत होती. नाव जानी. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते, बरे झालेले पण स्पष्ट. बारीक, तीन-तीन रेघांचे. त्याने विचारलं तसे तिने हात पाठीमागे नेले.

"करवंदीच्या जाळीत शिरतात मेली," कमळी म्हणाली. "आणखी दोघा-तिघांना आहेत."

करवंदं यायला अजून महिना-दीड महिना होता. मार्चमध्ये काट्यांत शिरून पोरांना मिळणार काय, हे सदानंदला कळलं नाही.

जानीची आजी हिराबाई दारात मोळी सोडत बसली होती. साहेबांच्या शेऱ्यातली एक म्हातारी ती हीच. सदानंदने विचारलं, आजी, त्या दिवशी पोरं कुठे होती?

"रानात. डिंक काढाया."

"चार वर्षांची पोरं डिंक काढतात?"

"काडत्यात," हिराबाई म्हणाली आणि मोळी घेऊन आत गेली.

परत निघताना कमळी ओहोळापर्यंत पोचवायला आली. "एकाचं नाव सांगू? गवतवाल्या व्यापाऱ्याचा मुकादम, जिव्या. बालवाडी उघडली तेव्हाच म्हणाला होता, पोरं शाळेत बसली तर तान्ही कोण सांभाळणार आणि बाया माझ्या कामावर कशा येणार? अधूनमधून संध्याकाळचा येऊन जातो पाड्यावर. मी गेल्यावर."

३

जिव्या तलासरीच्या गवताच्या वखारीत खाटेवर पडला होता. सरकारी माणूस बघून उठला, खाट झटकली, चहा सांगितला.

"पोरां? छे छे साहेब, तिथे पोरां हायेतच कुठे! बाई शेजारच्या पाड्यावरनं गोळा करून आणते. तुम्ही येणार असा वास लागला असेल, आणली असतील."

"मी येणार हे पाड्यावर कुणालाच माहीत नव्हतं."

"मग नशीब तिचं." जिव्या हसला. "मला काय त्याचं, साहेब? माझं गवत कापून झालं. आता पुढच्या दिवाळीपर्यंत मला पाड्याशी देणं ना घेणं."

"तरी संध्याकाळचा जातोस."

"जातो ने. उचल दिलेली असते, माणसां बघावी लागतात." त्याने चहाची बशी पुढे केली आणि आवाज खाली आणला. "एक सांगू? पोरीचा जबाब घ्या आणि मोकळे व्हा. तो ठाण्याचा साहेब मोठा खाणारा माणूस हाय. त्याला नाराज करून तुमचं काही भलं व्हायचं नाही."

सदानंद चहा तसाच टाकून उठला. लाच खाणारे साहेब त्याला माहीत होते, पण दातार त्यांतले नव्हते. मुकादम उगाच चिखल उडवतोय असं त्याला वाटलं, आणि त्या रागात तो शब्द त्याच्या डोक्यातून निसटला. निसटला नसता तर दोन दिवस वाचले असते.

४

ते दोन दिवस त्याने ऑफिसात डोकं फोडण्यात घालवले.

समजा, जिव्याच पोरांना पळवतो. पण साहेब कधी येणार हे त्याला आदल्या दिवशी कळायला हवं. ते कोणाला ठाऊक असतं? सदानंदने जीपच्या ड्रायव्हरला चहा पाजला. ड्रायव्हर म्हणाला, मला तर सकाळी स्टेशनवर साहेबांना घेतल्यावर कळतं कुठे जायचं ते. डाक बंगल्याच्या चौकीदाराला आदल्या दिवशी निरोप जायचा, खोली झाडून ठेव म्हणून. पण मार्चच्या भेटीला साहेब मुक्कामाला थांबलेच नव्हते, सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेले. तेव्हा चौकीदार बाद. शिपाई रामू टपालावर शिक्के मारायचा, पण गोपनीय पाकिटाला त्याचा हात लागत नव्हता.

उरलं एकच टेबल. ज्या टेबलावर गोपनीय पाकीट आदल्या दिवशी फुटायचं.

हे मनात येताच सदानंदला स्वतःचीच लाज वाटली. चुरीअण्णांना पोरं लपवून काय मिळणार? बालवाडी बंद पडली तर उलट ऑफिसचंच नाव खराब. आणि अण्णा तर रोज विचारत होते, "झाला का जबाब? अरे, सव्वीस तारीख झाली. एकतीसला फाईल बंद करायची आहे मला." सदानंद 'होतोय' म्हणायचा आणि आतून चडफडायचा. दोन वर्षं कागद ढकलून ढकलून आणलेली गोष्ट आठ दिवसांत कागदावरच मरत होती, आणि त्याला साधं कारण सापडत नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला तो पुन्हा पाड्यावर गेला. जबाबाचा कोरा कागद कमळीपुढे ठेवायचं धाडस होईना, म्हणून नुसताच खोक्यावर बसून साहेबांचा शेरा वाचत राहिला. पायाशी एक कोंबडी जमीन उकरत होती, दुसरी चटईखाली शिरत होती. जानी तिला ओढून काढत होती.

'एक म्हातारी व एक कुत्रे याखेरीज पाड्यावर हालचाल नाही.'

सदानंद एकदम ताठ बसला. दातार काटेकोर माणूस. त्यांनी कुत्रंसुद्धा मोजलं. मग कोंबड्या?

"कमळी, पोरं नव्हती त्या दिवशी पाड्यावर कोंबड्या होत्या?"

कमळी हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून विचारात पडली. "नव्हत्या," ती हळूच म्हणाली. "खरंच नव्हत्या. म्हणूनच तेवढं भकास वाटलं असेल. माझ्या लक्षातच आलं नाही."

सदानंदने जानीला जवळ बोलावलं. "यातली तुझी कोंबडी कुठली गं?"

जानीने कमळीकडे बघितलं, मग दाराकडे. मग चटईखालच्या तांबडीकडे बोट दाखवलं.

"उचलताना ओरबाडते?"

"उतारावर ओरबाडते," जानी म्हणाली. "खाली ओहोळात उतारताना. मंग गप बसते. ओरडली तर आजी मारते."

आतापर्यंत तो उलट विचार करत होता. पोरांना कुणी लपवत नव्हतं. पोरंच कोंबड्यांना लपवत होती.

५

हिराबाईने बराच वेळ दाद दिली नाही. शेवटी कमळी तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, आजी, माझी नोकरी जातेय, पोरांचं दूध बंद होतंय, आता तरी बोल. तेव्हा म्हातारी बोलली.

"साहेबाचा हुकूम येतो. आदल्या सांजेला जिव्या आणतो. सायेब येनार हाय, दर घराला एक कोंबडी. नाय दिली तर चौकीवर. आता दर घराला एक दिली तर आमच्याकडं रातं काय? मोठ्या मान्साला हलता येत नाय, जिव्या दारात उभा. मंग पहाटंला आमी पोरांच्या हाती कोंबड्या देऊन ओहोळात धाडतो. कोंबडी पोरांच्या हातात ओरडत नाय. म्हाताऱ्या-कोताऱ्या धा-बारा ठेवतो, त्या तो नेतो. मंग मोठी मान्सं कामाला जात्यात, पोरं सायेब गेल्यावर वर येत्यात."

"मला का नाही सांगितलंत?" कमळीने विचारलं.

"तुजा पगार बी त्याच सायेबाकडनं येतो ना?"

सदानंदने विचारलं, "तोंडी हुकूम? जिव्या म्हणाला आणि तुम्ही ऐकलंत?"

"तोंडी कसा? कागुद दावतो. शिक्क्याचा." म्हातारी उठली, छपराच्या कारवीत हात घालून तिने चिंधीत गुंडाळलेले तीन कागद काढले. "मी ठेवून घेतला दर येळेला. तो देत नव्हता. म्या म्हनलं, कोंबडी देते तर कागुद दे. आमच्या बापाचा अंगठा घेऊन शेत नेलं सावकारानं, तवा कागुद त्याच्याकडंच राहिला होता. उद्या कुनी म्हनलं कोंबडी दिली नाय, तर?"

सदानंदने पहिला कागद उलगडला. गोल शिक्का, ब्लॉक ऑफिसचा. शिक्क्यातली तारीख अठरा नोव्हेंबर, पहिल्या भेटीच्या आदल्या दिवसाची. दुसऱ्यावर एकवीस जानेवारी, तिसऱ्यावर चार मार्च. आणि शिक्क्याच्या वर छापलेला मजकूर त्याला वाचावा लागलाच नाही. तो त्याला पाठ होता.

'पालकहो, आपल्या लहान मुलांना रोज बालवाडीत पाठवा. आज पाटी हातात द्याल तर उद्या त्यांना कोणी फसवू शकणार नाही.'

पत्रकाच्या पाचशे प्रती ग्रँटमधून छापल्या होत्या. वाटप झालं म्हणून अण्णांनी फाईलला नोंद केली होती. पाड्यावर एकालाही वाचता येत नव्हतं, आणि एकटी कमळी वाचू शकत होती तिच्यापर्यंत कागद पोचू नये म्हणून जिव्या संध्याकाळीच येत होता.

सदानंदला रडावं की कुणाचं तरी नरडं धरावं ते कळेना. त्याने ते तीन कागद मागितले. हिराबाई देईना. शेवटी त्यांच्या बदल्यात त्याला आपली सही करून चौथा कागद द्यावा लागला.

६

तीस तारखेला दातारसाहेब वर्षअखेरीच्या कामाला डहाणूत आले होते. सदानंद दार लोटून थेट आत गेला. चुरीअण्णा तिथेच बसले होते, तेही त्याला बरंच वाटलं.

"साहेब, आपण कोंबडी खाता?"

"काय?" दातारांनी चष्मा काढला. "मी अंडंसुद्धा घरात आणू देत नाही."

"उंबरओहोळवर आपल्या नावाने तीन वेळा कोंबड्या गोळा झाल्या. नेणारा जिव्या मुकादम. तो मला म्हणाला, साहेब मोठा खाणारा. मला वाटलं लाच म्हणतोय. तो खरंच जेवणाचं म्हणत होता. त्याला तेच सांगितलं होतं आणि तो तेच पाड्यावर सांगत होता." सदानंदने तीन कागद टेबलावर मांडले. "आता हे पाहा. प्रत्येक शिक्का भेटीच्या आदल्या दिवसाचा. म्हणजे ज्याने शिक्का मारला त्याला भेट आदल्या दिवशी ठाऊक होती. ड्रायव्हरला सकाळी कळतं. चौकीदाराला तिसऱ्या वेळी कळलंच नाही. रामूच्या हाती शिक्का असतो, पण पाकीट नसतं. पाकीट आणि शिक्का दोन्ही ज्याच्या हाती, आणि ही पत्रकं ज्याच्या कपाटात कुलपात, असा माणूस या ऑफिसात एकच आहे. पोरं लपवायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याला फक्त कोंबड्या हव्या होत्या. बालवाडी त्यात चिरडली जातेय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. आलं असतं तरी काही बिघडलं नसतं."

चुरीअण्णांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"दहा-बारा कोंबड्या," ते म्हणाले. "पूर्वीपासून चालत आलंय, साहेब. साहेब दौऱ्यावर आला की पाड्याने कोंबडी द्यायची. आपण खात नाही म्हणून काय रिवाज मोडायचा?" मग ते सदानंदकडे वळले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "आणि तू कशाला एवढा तडतडतोस रे? दौरा उतरल्यावर तिन्ही वेळा जेवायला होतास. मार्चात तर रस्सा दोनदा वाढून घेतलास. वहिनींच्या हाताला चव आहे म्हणालास."

ते खरं होतं. त्या रश्शाची चव सदानंदला त्या क्षणीसुद्धा आठवत होती. ज्या सकाळी कमळी चोर ठरली त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती चव. त्याला शिसारी आली, अण्णांची आणि स्वतःचीही.

"साहेब, तेही लिहा," तो म्हणाला. "मीही खाल्ली."

दातारांनी तिन्ही पत्रकं एकावर एक रचून ठेवली. "चुरी, तुमच्याबद्दल मी वेगळं लिहीन," ते म्हणाले. चुरीअण्णांनी मान डोलावली. असं वेगळं लिहिलेलं त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ पचवलं होतं आणि प्रत्येक वेळी बदली सोयीच्या गावीच झाली होती. "पण पागधरे, माझा शेरा मी शेऱ्याने खोडू शकत नाही. तीस मुलं समक्ष. नियम तो नियम. उद्या शेवटचा दिवस. पायी जाऊ, जीप नको. आणि आज रात्री तुम्ही दोघंही माझ्या नजरेसमोर राहायचं."

७

एकतीस तारखेला साहेब आणि सदानंद पाड्यावर पोचले तेव्हा गाणं चालू होतं. दातार दारातच उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी प्रत्येक पोराच्या डोक्यावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. कमळी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"अठ्ठावीस. एकोणतीस." त्यांनी मागे वळून बघितलं. "बाकीची?"

"आठ जणं परवाच आईबापांबरोबर मिठागरावर गेली, साहेब," कमळी म्हणाली. "पण जानी… जानी हवी होती. काल तर आली होती."

"एकोणतीस," दातार पुन्हा म्हणाले. त्यांना स्वतःलाच त्या आकड्याचा त्रास होत होता, पण तो त्यांनी फिरवला नाही.

सदानंद हिराबाईच्या दाराकडे धावला. म्हातारी उंबऱ्यात बसली होती.

"आजी, जानी कुठाय?"

"रानात."

"आजी, आज कुणी कोंबडी मागायला आलेलं नाही! मी सांगून गेलो होतो ना?"

"सांगून?" हिराबाईने त्याच्याकडे रोखून बघितलं. "तू इचारून गेला होतास. कुनाची कोंबडी कुठली, किती हायेत. कागुद बी घेऊन गेलास. मंग मी काय समजायचं? आन् आज सायेब घेऊन आलास. पोरीला घरातच ठेवली होती, वाटंवर तुमी दिसलात तशी धाडली."

सगळ्या भानगडीचा छडा लावला तो सदानंदनेच, आणि तिसावं पोर ओहोळात पाठवलं तेही त्यानेच. मागून कमळी आली. तिने हिराबाईशी काही वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "एक कमी आहे, आजी. जानी आली नाही तर आजपासून हे बंद."

म्हातारी उठली, ओहोळाच्या काठाशी गेली आणि तोंडाशी हात धरून तिने साद घातली. थोड्या वेळाने जानी वर आली. काखेत तांबडी कोंबडी, हातावर ताजे ओरखडे. हिराबाईने तिचं मनगट धरलं, तिला ओढत बालवाडीच्या झोपडीत नेलं आणि कोंबडी तिच्याकडून घेऊन दातारसाहेबांच्या पुढ्यात धरली.

"घ्या. आता पोर लिवा."

"आजी, मी कोंबडी खात नाही."

"मंग बकरू नाय माझ्याकडं."

"मला काहीच नको, आजी. मुलगी आली, मी मोजली. तीस झाली."

हिराबाई हलली नाही, की तिने जानीचं मनगट सोडलं नाही. फुकट मोजतात ते नंतर खोडतात, हे तिला एवढ्या आयुष्यात पक्कं ठाऊक झालं होतं. सदानंदने समजावलं, कमळीने शपथा घातल्या. शेवटी दातारांनी खिशातून पेन काढलं, हजेरीपत्रकाचा एक कोरा कागद फाडून घेतला आणि मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं : 'जानी आज मोजली. कोंबडी घेतली नाही.' खाली सही केली.

हिराबाईने कागद उलटसुलट करून बघितला. कमळी वाचून दाखवायला पुढे झाली तशी म्हातारीने कागद बाजूला घेतला. "तू नको. तू त्यांचीच." तिने तो जानीसमोर धरला. "तू वाच. रोज येतेस ना इथं?"

जानी कागदावर वाकली. तिने बोट टेकवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "जा." मग बोट पुढे सरकलं. "नी. जानी." पोरगी हसली. बोट आणखी पुढे गेलं, थांबलं आणि तिथेच फिरत राहिलं.

"पुढचं नाय येत," ती म्हणाली.

"तवर," हिराबाईने कोंबडी दातारसाहेबांच्या हातात कोंबली, "तवर ही तुमच्याकडं ठेवा. ती सगळं वाचंल तवा परत द्या."

दोघं तलासरीच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन कडक झालं होतं. सदानंदच्या हातात तीस मुलांचं हजेरीपत्रक होतं. जन्मात कोंबडीला हात न लावलेले दातारसाहेब तांबडीला छातीशी धरून चालत होते आणि ती त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही ओरबाडत होती. सदानंदने दोनदा म्हटलं, द्या साहेब, मी घेतो. त्यांनी दिली नाही.

ओहोळ ओलांडल्यावर ते थांबले.

"पागधरे, एवढा एक कागद वाचायला पोराला किती दिवस लागतात हो?"

"बालवाडी चालू राहिली तर वर्ष, दीड वर्ष," सदानंद म्हणाला.

"आणि ग्रँट?"

"ती वर्षाचीच असते, साहेब. पुढच्या मार्चात पुन्हा मोजणी."

दातारांनी कोंबडी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली आणि चालू लागले.